न झाडलेला फोल्डर

१

अश्विता बंगेरा सकाळी ऑफिसात आली की आधी डबा खिडकीत ठेवायची, मग लॅबमध्ये जाऊन पुट्टाला बघून यायची आणि मगच आपला संगणक उघडायची. पुट्टाला न भेटता कामाला बसलं तर दिवसभर काहीतरी बिनसतं, असं टीममधले सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे तरी किती, चौघं.

पुट्टा म्हणजे पाण्याने भरलेली रबरी पिशवी. कमी दिवसांच्या बाळाचं जेवढं वजन तेवढंच तिचं. इकडे तुळू मुलखात घरोघरी तान्ह्या पोराला लाडाने पुट्टा म्हणतात, तसं हिलाही चिकटलं. लॅबमधल्या काचेच्या पेटीत तिला उताणी झोपवलेली असायची, आणि डोक्याच्या बाजूला लोकरीची टोपी. टीममध्ये जो नवा येईल त्याने पुट्टासाठी टोपी आणायची, अशी रीत होती. अश्विताने आणली होती ती पिवळी.

कंपनी त्या पेट्याच बनवायची. अशक्त बाळांना ऊब देणाऱ्या, इस्पितळांत लागतात त्या. बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं जुनं ऑफिस भाड्याने घेऊन त्यात हा सगळा संसार थाटला होता. पेटीच्या पोटात जो प्रोग्रॅम चालतो तो ही चौकडी लिहायची. कुणी त्यात काही बदल केला की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. सर्व्हर नवा प्रोग्रॅम बांधायचा, लॅबमधल्या पेटीत भरायचा, मग पेटी तापवून, गार करून, वीज तोडून एकेक टेस्ट घ्यायचा. सगळ्या पास झाल्या की पडद्यावर हिरवं, एक जरी नापास झाली की तांबडं.

तांबडं आलं की टीमचा एकच मंत्र होता, पुन्हा फिरव. नापास झालेली तेवढी टेस्ट परत फिरवायची, आणि दुसऱ्या खेपेला ती हटकून पास व्हायची. रोल्विन पिंटोने तर हे बटण दाबायचे कष्टही वाचवले होते. नापास झाली की सर्व्हर आपणहून एकदा परत फिरवायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर आपल्याकडच्या आणि पेटीतल्या तात्पुरत्या फायलींचा सगळा कचरा पुसून पेटी नव्याने चालू करायचा. त्या पुसण्याच्या प्रोग्रॅमला त्याने नाव दिलं होतं झाडू. झाडू त्याला इतका आवडला होता, की नव्या आवृत्तीत त्याने तो पेटीच्या आतही बसवून टाकला. पेटीची मेमरी लहान, ती भरली की झाडू फिरेल आणि जागा मोकळी होईल. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

रोल्विन सध्या रजेवर होता. त्याच्या बायकोला, लवीनाला, सातव्या महिन्यातच मुलगा झाला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात ते पोर पेटीत होतं. पेटी ह्याच कंपनीची, ह्याच चौघांच्या प्रोग्रॅमवर चालणारी. आज सगळं हिरवं झालं, की संध्याकाळी नर्सांची पाळी बदलताना नवी आवृत्ती त्या पेटीत आपोआप जाणार होती.

२

"अक्का, तांबडं आलं," शरत कोटियन आपल्या खुर्चीवरूनच म्हणाला. टीममधला तो सगळ्यात धाकटा, आणि सकाळपासून त्याचं अर्धं लक्ष कँटीनच्या गोळीबजेंकडे, मैद्याच्या गरम गोल भज्यांकडे होतं.

"कोणती?"

"तीच आपली लाडकी. अलार्मची. फिरेल आपोआप, तू बस."

अलार्मची टेस्ट साधी होती. पेटी हळूहळू तापवायची. मर्यादा ओलांडली की पेटीने भोंगा वाजवला पाहिजे. काचेजवळ एक माइक लावलेला होता, तो आवाज टिपून एका तात्पुरत्या फायलीत ठेवायचा. भोंगा ऐकू आला की पास, नाही आला की नापास. पुढे ती फाइल झाडूच्या पोटात जायची. म्हणजे नापास झालेल्या टेस्टमध्ये माइकने नक्की काय ऐकलं, हे टीममधल्या कुणीही कधी ऐकलंच नव्हतं.

हीच टेस्ट सोमवारीही नापास झाली होती, हे अश्विताच्या ध्यानात होतं. एरवी तिनेही मान हलवून सोडून दिलं असतं. पण रोल्विनचा मुलगा तिने काचेपलीकडून पाहिला होता, त्याचे पाय तिच्या करंगळीएवढे होते. तो पाय डोळ्यांसमोर असताना तिला "फिरेल आपोआप" म्हणवेना.

"नापास फेरीतल्या आवाजाच्या फायलीला झाडू नको मारूस म्हणून सांगून ठेवलंय मी सर्व्हरला," ती म्हणाली. "काल जाताना."

"रोल्विनच्या झाडूला हात लावलास? परत आल्यावर तो तुला उभी-आडवी झाडेल."

"झाडू दे."

फोल्डर उघडला. एरवी रिकामा असायचा, आज त्यात आवाजाची फाइल होती. तिने हेडफोन कानाला लावले. पेटीच्या पंख्याची घरघर, लॅबच्या एसीची त्याहून जाड घरघर. बराच वेळ तेवढंच. भोंग्याची वेळ झाली तरी भोंगा नाही. तो का वाजला नाही ह्याचा ती विचार करत होती, तेवढ्यात कानात आवाज आला.

टक. टक टक.

बोटाच्या पेराने काचेवर कुणी वाजवावं तसा. जोरात नाही. कुणाच्या दारावर संकोचाने थाप मारतात तेवढाच. मग थोडं थांबून पुन्हा, आणि फाइल संपेपर्यंत तो चालूच राहिला.

३

घाबरून जाणाऱ्यांतली अश्विता नव्हती. सुरतकलच्या कॉलेजात वसतिगृहाच्या पडीक मजल्यावर पैजेखातर एकटी राहून आलेली मुलगी ती. तिने आधी शहाण्या माणसासारखी कारणं शोधली. तापल्यावर काच आवाज करते. जुनी कौलं उन्हाने तडतडतात. कावळा असेल. शेजारच्या खोलीत कुणी टेबलावर पेन आपटत असेल.

तिने जाऊन लॅबच्या दाराबाहेरूनच पाहिलं. टेस्ट चालू असताना लॅबचं दार बंद आणि दिवे विझवलेले असायचे, कारण दिव्याच्या उबेने मोजमाप चुकतं. एकच खिडकी होती, ती काळ्या कागदाने कायमची झाकलेली. त्यामुळे भर दिवसा आत अंधार. माइक काचेला टेकलेला, पेटीच्या बाहेरून. शेजारची खोली म्हणजे कोठार, त्याला कुलूप. कावळे कौलांवर होते खरे, पण ते कावळ्यांसारखेच आवाज करत होते.

तिने शरतच्या कानाला हेडफोन लावले. तो ऐकताना आधी हसला, मग त्याने हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

"पुट्टाला भूक लागली असेल," तो म्हणाला.

"शरत."

"अगं, मग मी काय म्हणू? तूच सांग, ह्याला काय म्हणायचं ते. मी तेच म्हणतो."

तेवढ्यात पडदा हिरवा झाला. दुसऱ्या खेपेला टेस्ट पास झाली होती. दुसऱ्या खेपेची फाइल तिने ऐकली. झाडून पुसून लख्ख केलेल्या पेटीवर भोंगा वेळेवर, खणखणीत वाजला होता. टकटक नव्हती.

हेब्बार सर बाहेर आले ते चष्मा कपाळावर चढवून. टीमचे प्रमुख ते. बोलणं हळू, पण एकदा ठरवलं की हलायचे नाहीत.

"हिरवं झालं ना? छान. संध्याकाळी जाऊ दे," ते म्हणाले. "रोल्विनचा दोनदा फोन आला मला. त्याला घाई आहे."

घाई का, ते अश्विताला ठाऊक होतं. नव्या आवृत्तीत पेटीतला दमटपणा नीट राखला जायचा. जुन्या आवृत्तीत हवा कोरडी पडायची, आणि त्या पोराची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, जमेल तेवढ्या लवकर करा.

४

तिने जेवण टाळलं. डबा खिडकीतच राहिला.

तिला एक गोष्ट खटकत होती. दुसरी खेप नेहमी स्वच्छ पेटीवर व्हायची. मग अस्वच्छ पेटीवरच परत फिरवली तर? तिने झाडू पूर्ण थांबवला, बाकीच्या टेस्ट आधी फिरवल्या आणि त्यांचा सगळा कचरा पेटीत तसाच ठेवून तीच टेस्ट पुन्हा लावली.

तांबडं.

पुन्हा लावली. पुन्हा तांबडं. ज्या टेस्टला टीमने लहरी ठरवलं होतं, ती आता दर खेपेला न चुकता नापास होत होती.

फायली ऐकताना तिला आपला श्वासही नको झाला. भोंगा नाहीच. आणि दर वेळी तीच टकटक. दुसऱ्या फायलीत ती पहिल्याहून घाईची होती. तिसऱ्या फायलीत टकटकीच्या मध्ये काचेवरून काहीतरी घासत गेल्याचा आवाज होता, आणि त्याच्या अगदी जवळ, माइकला ओठ टेकवावेत इतक्या जवळ, कुणीतरी श्वास घेतला.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत शरत होता, पंखा फिरत होता, खिडकीबाहेर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. सगळं रोजचंच. तरी तिला पाठीमागे बघायची हिंमत होईना.

टकटक केव्हा सुरू होते, ते तिने तापमानाच्या आलेखाशी ताडून पाहिलं. तिन्ही फायलींत ती एकाच जागी सुरू होत होती. पेटीने मर्यादा ओलांडली, भोंगा वाजायला हवा, वाजत नाही, आणि लगेच टक.

हेब्बार सरांसमोर तिने तिन्ही फायली लावल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"हे काय आहे?"

"माहीत नाही, सर. पण भोंगा वाजत नाहीये. आजची आवृत्ती थांबवा."

"भोंगा दुसऱ्या खेपेला वाजतो."

"वॉर्डात दुसरी खेप कोण घेणार, सर?"

हेब्बार सरांना ते लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ अश्विता. माइक खराब असेल, तार सैल असेल. टेस्टमध्ये दोष आहे की पेटीत, हे सांग मला. पेटीत असेल तर आत्ता थांबवतो. पण कुणीतरी टकटक करतंय म्हणून एका बापाला मी नाही कसं सांगू? त्याच्या पोराची कातडी सोलून निघतेय."

तेवढ्यात तिच्या फोनवर रोल्विनचंच नाव आलं. तिने उचलला.

"काय गं मारायती, सकाळपासून फोन नाही," रोल्विन म्हणाला. झोप नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. "हिरवं झालं ना? लवीना सारखी विचारतेय. मी तिला सांगून बसलोय, आज संध्याकाळपासून आराम पडेल म्हणून."

"बघते, रोल्विन. संध्याकाळी करते मी तुला फोन."

"बघते काय त्यात? तू आहेस म्हणून तर मी इथे निवांत बसलोय."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. आणि रडायला वेळ नाही म्हणून रागही आला.

५

तिने टेस्ट आणखी एकदा लावली आणि हेडफोन घेऊन लॅबमध्ये गेली. चालू टेस्टमध्ये लॅबचं दार कुणी उघडत नसे, कंपनीत तो पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम होता. तिने दार उघडलं, आत शिरली आणि मागे लावून घेतलं.

पेटीवरचे तापमानाचे हिरवे आकडे सोडले तर अंधार होता. त्या उजेडात काच आतून धुकटलेली दिसत होती. दमटपणाच्या भांड्यातलं पाणी वाफाळलं की तशी ती व्हायचीच. धुक्यातून पिवळी टोपी अंधुक दिसत होती. तिने हेडफोनची तार माइकच्या डबीत खोचली आणि पेटीसमोर जमिनीवर बसली.

आकडे चढत होते. पंखा घरघरत होता. खोलीत एसी असूनही तिच्या मानेवर घाम आला. वसतिगृहातली रात्र तिने हसत काढली होती, पण तिथे कुणीतरी आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. इथे मात्र वाटत होतं. खोलीत नव्हे, तिच्या मागे नव्हे. समोर, हातभर अंतरावर, काचेच्या आत.

टक.

तिने हेडफोन एका कानावरून उचलला. मोकळ्या कानाला नुसता पंखा ऐकू आला. झाकलेल्या कानात टक टक टक, घाईने. काच हलत नव्हती. तिने दोन्ही कान झाकले. टकटक थांबली आणि तो श्वास आला, अगदी कानाशी. दमलेल्या माणसाचा श्वास. खूप वेळ हाका मारून कुणी दमलं, की येतो तसा.

मग काचेवरचं धुकं आतून पुसलं गेलं.

पावसाळ्यात बसच्या खिडकीवर आपण तळवा फिरवतो, तेवढीच जागा. सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. अश्विता उठून पळणार होती. पण त्या करंगळीएवढ्या पावलामुळे ती पळाली नाही. ती पुढे वाकली आणि त्या पुसलेल्या जागेतून तिने आत पाहिलं.

पुट्टा उताणी होती, जशी ठेवली तशी. आणि तिच्या पलीकडे, जिथे मांजरही मावलं नसतं तेवढ्या जागेत, कुणीतरी कुशीवर निजलेलं होतं. चेहरा नाही दिसला. दिसलं फक्त एक कोपर, पुट्टावरून टाकलेलं. बाळाला पाजता पाजता आईचा डोळा लागतो तेव्हा हात असतो, तसा तो हात होता. पण तो झोपलेला नव्हता. त्याची बोटं काचेपर्यंत पोचलेली होती.

धुकं परत जमलं. अश्विताने नजर वर केली ती केवळ तिथून काढून घ्यायची म्हणून, आणि तिची नजर आकड्यांवर पडली. मर्यादा केव्हाच मागे पडली होती. आकडे अजून चढत होते. पेटी गप्प होती.

तेव्हा तिला कळलं, की ती टकटक तिला बोलवायला नव्हती. जे वाजायला हवं होतं आणि वाजत नव्हतं, त्याच्या जागी ती होती.

तिने कडी काढून पेटीची बाजू धाडकन उघडली. गरम वाफ तोंडावर आली. आत पुट्टा होती आणि पिवळी टोपी होती, बाकी काही नाही. पिशवीला हात लावला तर रबर इतकं तापलेलं, की बोटं आपोआप मागे आली.

६

"माइक ठीक आहे, सर," ती दारातूनच म्हणाली. "पेटी खरंच तापलीय. हात लावून बघा."

हेब्बार सर उठून आले. त्यांनी पुट्टाला हात लावला आणि पटकन मागे घेतला. त्यांनी दिवे लावले आणि पेटीचा पडदा सर्व्हरला जोडला. शरत मागे येऊन उभा राहिला, गोळीबजेची पुडी हातात तशीच.

"हिचा तात्पुरता फोल्डर उघड," ते म्हणाले. "आतला. पेटीचा."

फोल्डर उघडला. झाडू बंद होता, म्हणजे सर्व्हरचा झाडू. कचरा तर असायलाच हवा होता. फोल्डर जवळजवळ रिकामा होता.

"हा कुणी पुसला?" शरत म्हणाला.

मग तिघांच्याही लक्षात एकदमच आलं. पेटीतल्या झाडूने. पेटी चालू होताना भोंग्याचा सूर तयार करून ह्याच तात्पुरत्या फोल्डरात ठेवायची, आणि गरज पडली की तिथून वाजवायची. नव्या आवृत्तीत मेमरी भरली की झाडू फिरणार, आणि कचऱ्याबरोबर तो सूरही पुसणार. त्यानंतर पेटीने भोंगा वाजवायचा म्हटलं तरी वाजवायला काही उरतच नव्हतं. लॅबमध्ये टेस्ट परत फिरायची ती नव्याने चालू केलेल्या, झाडलेल्या पेटीवर, म्हणून प्रत्येक वेळी पास. वॉर्डातली पेटी दिवसरात्र चालते. तिथे एकदा झाडू फिरला की भोंगा कायमचा मुका.

"आणि आपण सगळे पुन्हा फिरव, पुन्हा फिरव," हेब्बार सर हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःवरच चिडल्यासारखे ते खुर्चीत बसले आणि त्यांनी संध्याकाळची आवृत्ती थांबवली. पडद्यावर तशी अक्षरं उमटेपर्यंत तिघंही तिथेच उभे होते.

"जुन्या आवृत्तीत झाडू नाही ना?" शरतने विचारलं.

"नाही. वॉर्डात अजून जुनीच आहे," अश्विता म्हणाली.

"देवाची कृपा हो, मारायरे," शरत म्हणाला.

हेब्बार सरांनी चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं. "तू चालू टेस्टमध्ये आत गेलीस. आत काय पाहिलंस?"

तिने सांगायला तोंड उघडलं. ते कोपर, ती काचेपर्यंत पोचलेली बोटं. शब्द जुळले होते, पण ते मोठ्याने म्हणावेत असं तिला वाटेना.

"तापलेली पेटी पाहिली," ती म्हणाली.

हेब्बार सरांनी पुढे विचारलं नाही. पण घरी जाताना ते लॅबचा दिवा विझवत असत, तो त्या दिवशी त्यांनी विझवला नाही.

७

रोल्विनला फोन करायचं अश्विताच्या जिवावर आलं होतं. तरी कुणीतरी करायलाच हवा होता. उन्हं कलली होती, कारखान्याच्या आवारात नारळांच्या सावल्या लांबल्या होत्या. तिने फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे बोलता बोलता आपण कच खाल्ली तर सर सांभाळून घेतील.

"रोल्विन, आज नवी आवृत्ती येत नाहीये."

"का?" त्याने विचारलं.

"तिच्यात दोष सापडलाय. मोठा आहे."

"अगं, दोष काय, सगळ्यांतच असतात. टेस्ट तर हिरवी झालीच असेल." त्याचा आवाज चढला. "तू ये इथे. ये आणि त्याची कातडी बघ. मी लवीनाला काय सांगू? बाटलीतून पाणी शिंपडू का पेटीत? तुम्ही तिकडे एसीत बसून..."

"रोल्विन, ऐक जरा," हेब्बार सर म्हणाले.

"नाही सर, मी खूप ऐकलं. दुपारपासून तो निळा दिवा लावलाय त्याच्यावर, काविळीसाठी. अगदी जवळ आणून ठेवलाय. त्याने तर आणखी कोरडं पडतंय. मी काचेबाहेरून नुसता बघतोय, मला आत सोडत नाहीत. नर्स सगळ्या तिकडे टेबलापाशी पाळी बदलतायत, आणि..."

तो पुढे काहीतरी म्हणत होता, पण ते ऐकू आलं नाही. फोनमधून भोंगा वाजला.

चौघांनीच तो सूर घडवला होता. कानाला नकोसा वाटावा असाच घडवला होता. रोल्विनच्या हातून फोन खाली पडल्याचा आवाज आला, मग त्याची पावलं, कुणाची तरी हाक, दार उघडल्याचा आवाज. आणि भोंगा, एकसारखा. अश्विताने टेबलाची कड धरली. शरतने डोळे घट्ट मिटले होते. हेब्बार सर उभे राहिले होते, जणू उभं राहिल्याने काही फरक पडणार होता.

भोंगा थांबला.

तिकडे काय चाललंय, कळेना. चपलांचे आवाज, धातूचं काहीतरी सरकवल्याचा आवाज. एक बाई तुळूत ठामपणे सांगत होती, दिवा मागे घ्या, मागे घ्या आधी. मग बराच वेळ नुसती खुडबुड. अश्विताने हाक मारायचं धाडस केलं नाही. उत्तर काय येईल ह्याची तिला इतकी भीती वाटत होती, की फोन बंद पडावा असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

आणि मग ते पोर रडलं. आधी एक खरखरीत आवाज, जुनं इंजिन चालू होताना होतो तसा, आणि पाठोपाठ पूर्ण घसा उघडून.

कुणीतरी फोन उचलला. रोल्विनच होता. तो धापा टाकत होता.

"दिव्याने तापली होती पेटी," तो म्हणाला. "सिस्टरने दिवा मागे घेतला, बाजू उघडली. ठीक आहे तो, ठीक आहे म्हणतायत. तांबडा झालाय नुसता. भोंगा वाजला नसता तर कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंसुद्धा. मी तुझ्याशी भांडत होतो." तो थांबला. "अश्विता, तुमची नवी आवृत्ती... काय दोष होता तिच्यात?"

हेब्बार सरांनी अश्विताकडे पाहिलं. तिने मानेनेच नको म्हटलं. झाडू कुणाचा होता, हे आज त्याला सांगायची गरज नव्हती.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "दमटपणाचं तेवढं आम्ही आज बसून सुटं काढतो. उद्या दुपारपर्यंत देते तुला, नीट ऐकून, तपासून."

"बरं." तो हसला की रडला, ते कळलं नाही. "ऐकू येतोय का तुम्हाला हा? आल्यापासून नुसता कुंईकुंई करायचा. आज पहिल्यांदाच असा ओरडतोय. सिस्टर म्हणतायत, फुप्फुसं चांगली आहेत. गप्पच होत नाहीये."

"ओरडू दे त्याला," हेब्बार सर म्हणाले. "कुणी गप्प करू नका."

शरतने खुर्च्या ओढून आणल्या. तिघं टेबलाभोवती बसले आणि फोन मध्ये ठेवला. बाहेर अंधारायला लागलं होतं. बराच वेळ फोन कुणी बंद केला नाही.